संख्याशास्त्राचा उंबरठा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलायला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत जास्त झाले. अंजनगावचा इतिहास म्हटला की आपल्याला ३० डिसेंबर १८०३ चा दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचा तह आठवतो. त्यावर बोलायला माझ्याहून जाणती माणसे या गावात आहेत. मी एका साध्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याचे हात चालत नाहीत, अशा माणसाला संख्याशास्त्र शिकता येते की नाही? आणि येत असेल, तर त्याला ते आजवर शिकू का दिले नाही? आता विद्यापीठांचे वर्ग मोबाइलवर आणि संगणकावर घरबसल्या भरतात, म्हणून हा प्रश्न आज आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे.

युनियनवाल्याचे आणि संख्याशास्त्राचे नाते काय, असे कोणी विचारील. नाते पोटाचे आहे. जिनमध्ये कामगाराचा हात यंत्रात गेला की १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचा तक्ता उघडावा लागे. अंगठा गेला तर ३० टक्के. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला तर ४० टक्के. महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के धरायचे, वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे आणि मग हे टक्के लावायचे. वय वाढते तसा गुणक उतरतो, कारण कमाईची वर्षे कमी उरतात. पंचविशीतल्या माणसाचा गुणक २१६.९१. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका हमालाच्या चार बोटांचा हिशेब मी तीन रात्री जागून केला आणि तरी चुकलो. चूक मालकाच्या कारकुनाने दाखवून दिली. त्याच आठवड्यात मी अमरावतीहून टक्केवारीचे पुस्तक विकत आणले.

महागाई भत्त्याचेही असेच आहे. भत्ता निर्देशांकावर चालतो आणि निर्देशांक म्हणजे संख्याशास्त्र. १९६३ साली मुंबईत कामगारांनी ह्या निर्देशांकावरून रान उठवले. भाव चढले तसा आकडा चढत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सरकारला अर्थशास्त्रज्ञ लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि आकड्यात दोष आहे ही तक्रार खरी ठरली. ज्याला निर्देशांक वाचता येत नाही त्याच्या ताटातली भाकरी कोण, कधी आणि किती कमी करतो, हे त्याला कळतसुद्धा नाही. एवढ्यासाठी मी ह्या विद्येला मान देतो.

आता एक विपरीत गोष्ट पाहा. अपंग माणसाची गाठ आकड्याशी सर्वांच्या आधी पडते. आपल्या वऱ्हाडात पहिली खानेसुमारी १८६७ साली झाली. पुढे १८८१ पासून १९३१ पर्यंत देशाच्या दर खानेसुमारीत अंध, बहिरे-मुके, वेडे आणि महारोगी यांचे वेगळे रकाने असत. १९४१ पासून ते गेले, १९८१ त एकदा डोकावले, १९९१ त पुन्हा गेले आणि २००१ पासून परत आले. २०११ च्या मोजणीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग भरले, त्यांतले २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. २०१६ च्या कायद्याने तर सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आखली. चाळीस भरले तर दाखला, एकोणचाळीस भरले तर घरी जा. म्हणजे ह्या माणसाला आपण दीडशे वर्षे मोजत आलो आहोत. त्याला मोजायला शिकवावे, हे मात्र फार उशिरा सुचले.

आमच्या कचेरीत एक मुलगी येते. बाप हमाल, आई पानमळ्यात पाने खुडायला जाते. मुलीला लहानपणापासून अंधूक दिसे, आता फक्त उजेड कळतो. बी. ए. झाली. मोबाइलमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे लिखाण बोलून दाखवणारी सोय, ती इतक्या वेगाने ऐकते की आपल्याला एक शब्द लागायचा नाही. निर्देशांकाचा मासिक आकडा ती मला वाचून दाखवी आणि त्यावर प्रश्न विचारी. एकदा तिने एका विद्यापीठाच्या संख्याशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घातले. पहिले दोन धडे सुरळीत गेले. तिसऱ्या धड्यात सूत्रे आली, आणि स्क्रीन रीडर म्हणू लागला, “चित्र. चित्र. चित्र.” सूत्रे अक्षरांत लिहिलेली नव्हती, त्यांची छायाचित्रे चिकटवली होती. प्राध्यापक फळ्याकडे बोट करून सांगत, “हे इथून उचलले आणि इकडे ठेवले.” कुठून काय उचलले, हे फळ्याला ठाऊक. चाचणीत आलेख माऊसने ओढून योग्य नावाखाली टाकायचे होते, आणि वर घड्याळ चालू. तिने तक्रार लिहिली. उत्तर सौजन्याचे आले : आपणास त्या प्रश्नांतून सूट देण्यात येत आहे.

ती मला म्हणाली, “काका, मले सूट नको, सवाल पाह्यजे.”

ह्या ‘सूट’ शब्दाचा इतिहास मी शोधू लागलो, आणि तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

आंधळ्याला गणित जमत नाही ही समजूत आधी तपासू. निकोलस साँडरसन नावाचा माणूस १६८२ साली इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये जन्मला. वर्षाचा होण्याच्या सुमारास देवी येऊन त्याचे डोळे गेले. त्याने भोके पाडलेली एक फळी केली, तिच्यात टाचण्या खोचून तो बोटांनी हिशेब करी. हा माणूस १७११ साली केंब्रिजला गणिताच्या त्या आसनावर बसला, ज्यावर पूर्वी न्यूटन बसला होता. आजच्या संख्याशास्त्राचा एक खांब म्हणजे बेझचे सूत्र. पुरावा हाती आल्यावर आपला अंदाज किती बदलावा, हे ते सांगते. बेझचा निबंध १७६३ साली प्रसिद्ध झाला. पण ती कल्पना आधी साँडरसनला सुचली असावी, असा तर्क स्टीफन स्टिगलर या संख्याशास्त्राच्या इतिहासकाराने १९८३ साली मांडला. तर्क म्हणजे सिद्धांत नव्हे हे मला कळते. पण ह्या शास्त्राच्या पायाशी एक अंध माणूस उभा असेल असे जाणकाराला वाटते, एवढेही आपल्याला पुरे आहे.

आपल्या जिल्ह्यातही उदाहरण आहे. माधानचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. १९१५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. तेवढ्या अवधीत त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. आपण त्यांच्या बुद्धीला हात जोडतो, ते योग्यच आहे. पण मी कामगार संघटक, मला त्या ग्रंथांमागची मेहनतही दिसते. कोणीतरी त्यांना ग्रंथ वाचून दाखवत होते आणि ते सांगत ते कोणीतरी उतरून घेत होते. वाचून दाखवणारा मिळाला म्हणून ती बुद्धी जगापुढे आली. ज्यांना असा माणूस मिळाला नाही, त्यांची आपल्याजवळ यादी नाही.

मग संख्याशास्त्र डोळ्यांचे केव्हा झाले? त्याला तारीख आहे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली व्यापाराचे आकडे प्रथम रेघांच्या आणि पट्ट्यांच्या आलेखांत मांडले. १८०१ साली, म्हणजे आपल्या तहाच्या दोन वर्षे आधी, त्याने भाकरीसारख्या वर्तुळाचे तुकडे पाडून हिस्से दाखवण्याची रीत काढली. रीत फार सोयीची आणि मी तिला नावे ठेवीत नाही. पण ती सोय आहे. आकड्याच्या आत काही चित्र नसते. सरासरी, विचलन, संभव ह्या सगळ्या गोष्टी विचाराच्या आहेत. चित्र हे त्यांच्यात शिरायचे एक दार आहे, आणि पुढच्या दोनशे वर्षांत आपण बाकीची दारे बुजवून टाकली.

दुसरे दार एका मुलाने उघडले. लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समध्ये जन्मला. बाप घोड्यांचे सामान शिवणारा कारागीर. तीन वर्षांचे पोर बापाच्या हत्यारांशी खेळत असता आरी डोळ्यात गेली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. आमच्या भाषेत हा कामाच्या जागचा अपघात. त्याच मुलाने पुढे टोच्याने कागदावर उठवायच्या सहा ठिपक्यांची लिपी बसवली आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध केली. आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी शाळा काढली. पण देशात निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळे ठिपके चालत, आणि सर्वांना मिळून एक भारती ब्रेल यायला १९५१ साल उजाडले. तोवर अंध मुलाचे शिक्षण म्हणजे वेताच्या खुर्च्या विणणे आणि पेटी वाजवणे, असाच लोकांचा समज होऊन बसला होता.

गणिताचे ठिपके कोणी केले ती हकिकत तर कामगारांनी ऐकावी अशी आहे. अब्राहम नेमेथ १९१८ साली न्यूयॉर्कला जन्मला, जन्मांध. त्याला गणित शिकायचे होते. सल्लागारांनी सांगितले, तुला झेपणार नाही, मानसशास्त्र घे. त्याने घेतले, पदव्या मिळवल्या, आणि नोकरी काय लागली तर उशांचे अभ्रे शिवण्यासारखी किरकोळ कामे. तेव्हा त्याच्या बायकोने विचारले की बेकार मानसशास्त्रज्ञ राहण्यापेक्षा बेकार गणिती झालास तर काय बिघडले? तो रात्रीच्या वर्गांना बसून गणित शिकला. शिकता शिकता स्वतःच्या गरजेपुरत्या खुणा बसवल्या, त्यांतून गणिताची ब्रेल तयार झाली आणि १९५२ साली ती मान्य झाली. १९५५ पासून तीस वर्षे तो डेट्रॉइटच्या विद्यापीठात गणित शिकवीत होता.

आपल्याकडे त्या सल्लागारांची जागा सवलतीने घेतली. महाराष्ट्रात दहावीला अपंग मुलाला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेता येते. ज्याने ही सवलत काढली त्याच्या मनात दयाच असणार. काही मुलांना तिची गरजही आहे आणि ती त्यांची काढून घ्या असे मी म्हणत नाही. पण शाळेत ब्रेलचे गणिताचे पुस्तक नाही, शिक्षकाला त्या खुणा येत नाहीत, अशा वेळी सवलत घे म्हणणे सर्वांनाच सोपे जाते. पंधराव्या वर्षी सही होते आणि विसाव्या वर्षी कळते की संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संगणक ह्या सर्वांच्या दारावर गणिताची अट आहे. मालक जेव्हा हक्काचा बोनस न देता दिवाळीला मिठाईचा पुडा देतो, तेव्हा आम्ही पुडा घेतो, पण बोनसची मागणी सोडत नाही.

ती सवलत ज्याने घेतली नाही असा एक पुण्याचा मुलगा आहे. टी. व्ही. रामन, जन्म १९६५. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. त्याने पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणित घेतले, मुंबईच्या आय. आय. टी. त संगणकशास्त्र केले आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली डॉक्टरेट मिळवली. विषय होता गणिताचे लिखाण संगणकाकडून ऐकवणे. त्याने काय केले ते समजण्यासाठी आपण एक हिशेब करू.

दोन मजूर. एकाची रोजी दोनशे, दुसऱ्याची चारशे. सरासरी काढायची. मी तोंडाने म्हणतो, “दोनशे अधिक चारशे भागिले दोन.” ज्याला वहीत दिसते त्याला रेघ दिसते, दोन्ही आकडे रेघेच्या वर, दोन खाली, उत्तर तीनशे. ज्याला फक्त ऐकू येते त्याने काय धरावे? आधी चारशे भागिले दोन, म्हणजे दोनशे, त्यात पहिले दोनशे, उत्तर चारशे! शब्द तेच, मजुरी शंभराने वाढली. कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. सरासरीची ही गत, तर विचलनाच्या सूत्रात, जिथे वर्गमूळाच्या पोटात भागाकार आणि भागाकाराच्या पोटात बेरीज, तिथे काय होईल याचा विचार करा. रामन यांच्या प्रणालीने सूत्राची ही घडण ऐकू येईल अशी केली. आवाजाची पट्टी बदलून वरचे, खालचे, आतले, बाहेरचे सांगितले, आणि ऐकणाऱ्याला सूत्राच्या आत हवे तिथे थांबून फिरता येईल अशी सोय केली. अट एकच होती : मूळ सूत्र अक्षरांत लिहिलेले पाहिजे. सूत्राचे छायाचित्र काढले की ही सारी करामत तिथेच संपली.

म्हणजे १९९४ सालीच हे होते. आलेखाचाही तोडगा निघाला. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात जोनाथन गॉडफ्री हे अंध प्राध्यापक संख्याशास्त्र शिकवतात. ‘आर’ नावाच्या संख्याशास्त्राच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीसाठी त्यांनी अशी जोड तयार केली की ती आलेखाचे वर्णन शब्दांत सांगते. स्तंभ किती, उंच कोणता, शेपटी कुठल्या बाजूला. संगणकावरचे लिखाण बोलून दाखवणारी एन. व्ही. डी. ए. ही प्रणाली २००६ पासून ऑस्ट्रेलियातल्या दोघा अंध तरुणांनी तयार केली आणि फुकट वाटली. आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र चालते. तेव्हा विद्या नव्हती म्हणून काम अडले, ही सबब चालायची नाही.

काम कशाने अडले ते अमेरिकेत उघड झाले. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथल्या बहिऱ्यांच्या संघटनेने हार्वर्ड आणि एम. आय. टी. वर फिर्याद लावली. तुमची व्याख्याने जगाला फुकट आहेत, मग पडद्याखाली अक्षरे का नाहीत? समेट व्हायला हार्वर्डशी २०१९ आणि एम. आय. टी. शी २०२० साल लागले. बर्कलीच्या विद्यापीठाला २०१६ साली सरकारने लिहिले की तुमची फुकट व्याख्याने अपंगांना वापरता येत नाहीत. विद्यापीठाने २०१७ च्या मार्चमध्ये वीस हजारांवर व्याख्याने लोकांसाठी बंदच करून टाकली. उंबरठा उंच आहे अशी तक्रार आली म्हणून घरच पाडावे, तसे हे झाले. आणि दोष आला अपंगांवर, की तुमच्यामुळे सर्वांचे गेले. संपात हा डाव आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. २०२२ साली बर्कलीला शेवटी आपले साहित्य सर्वांना वापरता येईल असे करण्याचे मान्य करावे लागले.

आपल्या देशाने मात्र कागदावर बरीच मजल मारली आहे. अंधांसाठी पुस्तके वेगळ्या रूपात छापायला आड येणारा कॉपीराइटचा अडसर २०१२ साली काढला गेला. त्याविषयी माराकेश येथे २०१३ साली झालेला जागतिक करार पक्का करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा दिल्या. २०१७ साली ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन शिक्षणाचे दालन उघडले. पण त्याच साली केलेल्या नियमांत एक मेख राहिली होती. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्याचा निकाल ८ नोव्हेंबर २०२४ ला लागला, तेव्हा न्यायालयाने सांगितले की कायदा बंधन घालतो आणि नियम मात्र नुसती शिफारस करतो, म्हणून सुगम्यतेचा हा नियम कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक नियम करा. पुढे ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने संगणकावरील सोयी वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला. सूट आणि हक्क यांतला जो फरक आमच्या मुलीने एका वाक्यात सांगितला, तो देशाच्या निकालपत्रात यायला एकोणीस वर्षे लागली.

निकाल लागला म्हणून धडे बदलत नाहीत, हे आम्ही किमान वेतनाच्या बाबतीत चांगले शिकलो आहोत. म्हणून काम आपल्यालाच करावे लागेल, आणि ते अवघड नाही. सूत्र अक्षरांत लिहावे, त्याचे छायाचित्र चिकटवू नये. आलेखाखाली चार ओळींत तो काय सांगतो ते लिहावे; खरे तर तेवढे लिहिता आले नाही तर आलेख काढणाऱ्यालाच तो समजला नाही असे धरावे. शिकवताना ‘हे’ आणि ‘इकडे’ न म्हणता नाव घ्यावे. बोलण्याची अक्षरे पडद्याखाली द्यावीत. जे माऊसने होते ते कळफलकाने झाले पाहिजे, म्हणजे चार बोटे गमावलेल्या हमालालाही उत्तर देता येईल. घड्याळ थोडे सैल करावे. ह्यातल्या प्रत्येक गोष्टीचा डोळस मुलालाही फायदा आहे. दवाखान्याला केलेल्या उतारावरून चाकाची खुर्ची जाते तशी लेकुरवाळी बाईही जाते.

त्या मुलीचे काय झाले, हे आपल्याला ऐकायचे असेल. आम्ही पुन्हा तक्रार लिहिली, ह्या वेळी कायद्याची कलमे घालून. उत्तराची वाट पाहत बसलो नाही. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आठ रविवार कचेरीत बसून एकेक सूत्र उच्चारले आणि माझ्या हाताखालच्या पोराने ते अक्षरांत टंकले. घंटेच्या आकाराचा वक्र समजावा म्हणून पुठ्ठ्यावर सुतळी डकवून दिली. तिने त्यावरून एकदा बोट फिरवले आणि म्हणाली, हा तर आमच्या गल्लीतल्या गतिरोधकासारखा आहे. अभ्यासक्रमाची मुदत त्या आधीच संपून गेली होती. प्रमाणपत्र मिळाले नाही. तिने पुढच्या सत्रात पुन्हा नाव घातले आहे. ह्या खेपेला तिसऱ्या धड्यातली सूत्रे अक्षरांत आली आहेत. चौथ्या धड्यातली अजून चित्रेच आहेत, आणि आमचे तिसरे पत्र गेले आहे.

गेल्या महिन्यात एका जिनच्या मालकाने वाटाघाटीत सांगितले की आमच्याकडे मजुरीची सरासरी चांगली आहे. मी कागद तिच्याकडे दिला. तिने तो ऐकला आणि विचारले, “साहेब, ह्या सरासरीत मॅनेजरचा पगार धरला आहे काय?” धरला होता. समोरचा कारकून कागदात डोळे घालून बसला. पंचवीस वर्षांपूर्वी माझी चूक दाखवणारा कारकून मला आठवला. मी काही बोललो नाही. पुढचा हिशेब तीच करीत होती.